आडनाव सोडून बोला

२०१९ साली कोयनेच्या जंगलातल्या एका सापाला शास्त्रीय नाव मिळालं: बोइगा ठाकरेयी. झालं! आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दोन दिवस दुसरा विषय नाही. एका टेबलावर अभिमान, दुसऱ्यावर 'विषारी आहे का रे?' छाप विनोद. साप दिसतो कसा, खातो काय, हे विचारणारा एकही निघाला नाही.

खरं सांगायचं तर आधी मीही कुरकुरलोच. आम्ही कोड लिहिणारी माणसं, व्हेरिएबलला कुणाचं आडनाव दिलं तर रिव्ह्यूमध्ये जोडे बसतात. पण शास्त्रीय नाव म्हणजे वर्णन नव्हेच. ती नुसती पक्की ओळख, नियमानुसार छापली की जगभर तीच. शिवाय तेजस ठाकरेंना तो साप २०१५ मध्ये दिसला, म्हणून पुढचं सगळं झालं. वरद गिरी, अशोक कॅप्टन वगैरे पाच जणांच्या शोधनिबंधात ते लेखक नाहीत, तेव्हा स्वतःचं नाव स्वतःच ठेवलं असंही नाही. घोणशीच्या शास्त्रीय नावात ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर रसेल बसलाय, तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं?

माझं भांडण वेगळंच आहे. बातमी आडनावातच संपली. अहो, पश्चिम घाटात या प्रजातीतला नवा साप सव्वाशे वर्षांनी मिळाला, आधीचा १८९४ चा! हा पठ्ठ्या रात्री ओढ्याकाठच्या झाडांवर फिरतो आणि बेडकांची अंडी खातो. ते बेडूकही खास सह्याद्रीतले, हुमायून अब्दुलालींचं नाव असलेले (घ्या, आणखी एका माणसाचं नाव!). ओढ्यावर झुकलेल्या पानांवर त्यांची अंडी असतात. काठची झाडी तोडली की पान गेलं, अंडी गेली, सापाचं जेवण गेलं. हे कोण छापणार?

आणि मराठी नावाचं काय? घोणस, फुरसं, मण्यार, धामण ही नावं शेतात राबणाऱ्यांच्या तोंडची. म्हणून तर 'अरे, धामण आहे ती, मारू नकोस' असं ओरडता येतं. काठी उगारलेल्याला 'ठाकरेज कॅट स्नेक' म्हणून काय सांगणार, कप्पाळ? माणसाला या सापापासून काही धोका नाही, पण ते कळेपर्यंत तो मेलेला असतो.

याच्या भाऊबंदाला मराठीत मांजऱ्या म्हणतातच. मी आपला याला 'कोयनेचा मांजऱ्या' म्हणतो. तिकडच्या कुणाकडे याहून जुनं नाव असेल तर माझं खुशाल खोडा.