पडद्यावरील शेजारी

गेल्या भाद्रपदांत आमच्या घरीं एक लहानसा प्रकार घडला. तो इतका घरगुती कीं, मासिकांत सांगावा कीं न सांगावा ह्याविषयीं आम्ही कांहीं दिवस साशंक होतों. परंतु ह्या सदराचे वाचक आमच्यासारखेच पोराबाळांच्या गलबल्यांत राहणारे आहेत. तेव्हां संकोच बाजूस ठेवून तेथूनच आरंभ करितों.

आमचा नातू पुण्यास महाविद्यालयांत शिकतो. गणपतीसाठीं घरीं आला असतां हातांतील मोबाईलनें तो दिवसभर कांहीं ना कांहीं टिपीत होता. "अरे, आरतीला टाळ्या वाजवायच्या सोडून हें काय चालविलें आहेस?" असें आम्हीं एकदोनदां टोकलें, त्यानें हसून वेळ मारून नेली. गौरींचें विसर्जन झालें त्या रात्रीं त्यानें माजघराच्या भिंतीवर एक पांढरें धोतर ताणून बांधलें, कोठूनसें एक यंत्र उसनें आणलें, आणि घरच्या बावीस माणसांस समोर बसवून वीस मिनिटांचें चित्र दाखविलें. हशा पिकला. धाकट्या बंधूंची घोरण्याची तऱ्हा, मोदक वळतांना सुनांची चाललेली थट्टा, आरतीचें कडवें आठवेना म्हणून आम्हीं नुसतेच हलविलेले ओठ, सर्वांचें बिंग सर्वांदेखत फुटलें.

शेवटीं शेवटीं मात्र हसणें आपोआप थांबलें. नातवानें मुद्दाम असें कांहीं दाखविलें नव्हतें. पण त्या सगळ्या चित्रांत त्याची आजी, म्हणजे आमची सहधर्मचारिणी, कोठेंही बसलेली दिसेना. ती येते, वाढते, जाते, पुन्हां येते. चेहराही फारसा दिसत नाहीं. दिसते ती पाठ आणि हातांतलें भांडें. अखेरीस सगळ्या पंगती उठल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्याशीं उभ्यानेंच ती चार घांस खात आहे. दिवा लागल्यावर ती एवढेंच म्हणाली, "अरे, मला कशाला घेतलंस त्यांत? पदरसुद्धां धड नव्हता." इतर कोणी कांहीं बोललें नाहीं. छत्तीस वर्षें आम्हीं वर्गांत मातृभक्तीचे पाठ दिले, आणि आपल्याच घरांतली ही गोष्ट आम्हांस भिंतीवरच्या धोतरावर पाहावी लागली!

दुसरे दिवशीं आम्हीं नातवास विचारलें, "हें तुला सुचलें कसें?" तो म्हणाला, "आजोबा, एक अख्खं गांव असं करतं." तें गांव म्हणजे पुदुच्चेरीजवळचें ऑरोव्हिल, आणि तेथें रहिवासी स्वतःच चालवितात त्या चित्रपटोत्सवाविषयीं तो सांगत होता.

ऑरोव्हिलचें नांव निघतांच आम्हांस अरविंदबाबूंचें स्मरण झालें. महाराष्ट्रास ते परके नव्हेत. १८९३ पासून १९०६ पर्यंत ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेंत होते, आणि तेथेंच त्यांनीं मराठीचा परिचय करून घेतला. पुढें सुरतेची काँग्रेस उधळल्यानंतर, १९०८ च्या आरंभीं, विष्णु भास्कर लेले नांवाच्या महाराष्ट्रीय योग्यानें त्यांस बडोद्यासच मन निःशब्द करण्याची वाट दाखविली. १९१० सालीं ते पुदुच्चेरीस गेले. युरोपांत पहिलें महायुद्ध चालू असतां, १९१५ पासून १९१८ पर्यंत, त्यांनीं आपल्या 'आर्य' मासिकांतून मानवी ऐक्याच्या ध्येयावर एक दीर्घ लेखमाला लिहिली. राज्यें, साम्राज्यें, करारमदार ह्यांनीं बाहेरून बांधलेलें ऐक्य टिकत नाहीं. माणसाच्या अंतःकरणांत त्याची जाणीव उपजली पाहिजे, आणि तीही विविधता न पुसतां, असें त्या मालेचें थोडक्यांत तात्पर्य होय.

त्या विचाराच्या पायावर माताजींनीं, म्हणजे मीरा अल्फासा ह्यांनीं, २८ फेब्रुवारी १९६८ रोजीं ऑरोव्हिलची स्थापना केली. १२४ देशांतील मूठमूठ माती आणून ती कमलाकृति संगमरवरी कलशांत एकत्र करण्यांत आली. भोंवतालचा प्रदेश त्या वेळीं तांबड्या, धुपून गेलेल्या मातीचा उजाड माळ होता. रहिवाशांनीं बांध घालून व झाडें लावून तो हिरवा केला. आज तेथें सुमारें ६० देशांतील ३,००० हून अधिक माणसें राहतात. तमिळ, फ्रेंच व इंग्रजी ह्यांच्या पंक्तीस तेथें संस्कृतालाही मान दिलेला आहे, हें आमच्यासारख्या संस्कृताच्या जुन्या शिक्षकास सुखावह वाटल्यास नवल नाहीं.

ह्या गांवांत २००९ सालीं चित्रपटोत्सवास आरंभ झाला, आणि पुढें तो साधारणतः दर दोन वर्षांनीं भरत आला. चित्रपटोत्सव म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें निराळेंच दृश्य येतें. व्हेनिस येथें १९३२ पासून असा उत्सव भरूं लागला. आपल्या देशांतील पहिला आंतरराष्ट्रीय उत्सव १९५२ च्या जानेवारींत मुंबईस भरला. तेथें परदेशचे पाहुणे येतात, परीक्षक बसतात, आणि नामांकित दिग्दर्शकांच्या कृति दाखविल्या जातात. त्यांची थोरवी आहेच. परंतु ह्या गांवकीच्या उत्सवाची मांडणी वेगळी आहे. येथें रहिवाशांनीं स्वतः काढलेलीं चित्रें दाखवितात. तेथील व आसपासच्या शाळांतील विद्यार्थ्यांनीं काढलेलीं दाखवितात. पाहुण्यांनीं तेथें येऊन घेतलेलीं दाखवितात. आणि जगांत कोठेंही निघालेलीं, पण मानवी ऐक्याच्या विषयास धरून असलेलीं, तींही ह्यांच्याच शेजारीं दाखवितात. म्हणजे दूरदेशच्या कुशल कलावंताची कृति आणि शेजारच्या तमिळ खेड्यांतील शाळकरी मुलाची कृति ह्यांस एकच पडदा आणि एकच प्रेक्षकवर्ग लाभतो.

ह्यांत विशेष तें काय, असें कोणी विचारील. आमच्या मतें विशेष हा कीं, ज्याचें चित्र पडद्यावर आहे तोच मनुष्य प्रेक्षकांत बसलेला असूं शकतो. मानवी ऐक्यावर व्याख्यान देणें सोपें आहे. आम्हीं स्वतः अनेक दिलीं आहेत. दूरच्या माणसाविषयीं कळवळा वाटणें हेंही फारसें अवघड नाहीं. पडदा पडला कीं त्याचा आपला संबंध सुटतो. परंतु ज्याच्या बांधाला आपला बांध लागून आहे, त्याचा दिवस कसा जातो हें त्याच्याच शेजारीं बसून पाहावें, आणि उठतांना त्याच्या डोळ्यास डोळा भिडवावा, हें कठीण. आणि दाखविणारावरही त्यामुळें एक वचक राहतो. खोटें कांहीं घातलें तर ज्याचें तें आहे तो तेथेंच उभा राहून म्हणेल, "हें असें नव्हतें."

ह्या संबंधांत भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांतील पहिल्या अध्यायाची कथा आमच्या वाचकांस आठवत असेल. सर्व वर्णांस खुला असा पांचवा वेद ब्रह्मदेवानें निर्माण केला, आणि इंद्रध्वजाच्या उत्सवांत भरतानें पुत्रांकरवीं पहिला प्रयोग केला. विषय होता देवांनीं दैत्यांवर मिळविलेला जय. देव प्रसन्न झाले, त्यांनीं नटांस देणग्या दिल्या. परंतु दैत्यही प्रेक्षकांत होते! आपली फजिती पाहून ते खवळले. विरूपाक्षाच्या चिथावणीनें विघ्नांनीं नटांची वाणी, हालचाल व स्मृति जखडून टाकिली. इंद्रानें ध्वजाच्या काठीनें त्यांस झोडपून काढिलें. तथापि उरलेल्यांचा उपद्रव चालूच राहिला. विश्वकर्म्यानें मग सुरक्षित नाट्यगृह बांधिलें. पण अखेर ब्रह्मदेवानें दैत्यांस जवळ बोलाविलें आणि समजाविलें कीं, नाट्य हें केवळ देवांचें किंवा केवळ तुमचें नव्हे. त्यांत तिन्ही लोकांच्या भावांचें अनुकीर्तन आहे.

ही कथा आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितली. पूर्वी आम्ही ती नाट्याच्या उत्पत्तीची म्हणून सांगत असूं. आतां वाटतें, तींत प्रेक्षकधर्माचा प्रश्नही तितकाच आहे. ज्या चित्रांत एक पक्ष जिंकतो आणि दुसरा नुसता हरतो, तें चित्र दुसऱ्या पक्षानें शांतपणें पाहावें कसें? काठीनें त्यास गप्प बसवितां येतें, भिंती बांधून बाहेरही ठेवितां येतें. पण ह्यांपैकीं कशानेंही तो प्रेक्षक होत नाहीं. ह्यांत माझेंही कांहीं आहे, असें त्यास दिसलें तरच तो आपला होऊन बसतो.

ऑरोव्हिलचें वर्णन करितांना तेथें सर्व कांहीं गोडगुलाबी आहे, असा समज आम्हांस करून द्यावयाचा नाहीं. गांवाच्या मूळ आराखड्यांतील रस्त्यासाठीं २०२१ च्या डिसेंबरांत झाडें तोडण्यांत आलीं, तेव्हां रहिवाशांत उघड दुफळी दिसली. कोणी म्हणे, स्थापनेच्या वेळीं ठरलेलें नगर उभें राहिलेंच पाहिजे. कोणी म्हणे, स्वहस्तें वाढविलेलें रान तोडून कसलें नगर? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १२४ देशांची माती एका कलशांत मिसळते. माणसें तितक्या सहज मिसळत नाहींत. कोणी ह्यावरून ऐक्याच्या सर्व गोष्टींस हसेल. आम्हांस तसें हंसवत नाहीं. बावीस माणसांच्या एका घरांत, एका ओट्यापाशीं काय चाललें आहे हें ज्यास दिसलें नाहीं, त्यानें साठ देशांच्या गांवास कोणत्या तोंडानें हंसावें? उत्सवानें तंटे मिटतात असा आमचा दावा नाहीं. तंटा चालू असतांही प्रतिपक्षाचा दिवस कसा उगवतो व मावळतो हें पाहण्याची एक जागा राहते, एवढेंच आमचें म्हणणें आहे. आणि तेंही थोडें नव्हे.

आतां राहिला स्थानिक कलावंतांचा प्रश्न. "घरच्या घरीं काढलेलीं चित्रें तीं काय पाहावयाचीं?" असें म्हणणारांस आम्ही नम्रपणें दादासाहेब फाळके ह्यांच्या बिऱ्हाडाची आठवण देऊं. त्र्यंबकेश्वरास जन्मलेल्या ह्या पुरुषानें प्रथम वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून दाखविली, आणि मग 'राजा हरिश्चंद्र' हातीं घेतला. ३ मे १९१३ रोजीं तो मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत लोकांपुढें आला. त्या चित्रपटाचा कारखाना म्हणजे दादरचें त्यांचें राहतें घरच होतें. सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि फिल्मच्या कामांतही हात लावीत. रोहिदासाचें काम त्यांच्या मुलानें केलें. पुढें १९१९ सालीं 'कालिया मर्दन' मध्यें कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. ज्या धंद्याचा आज एवढा वटवृक्ष झाला आहे, त्याचें बीज एका कुटुंबाच्या माजघरांत रुजलें, हें विसरून चालणार नाहीं.

येथें आणखी एक शंका येते. हल्लीं प्रत्येकाच्या हातीं मोबाईल आहे. मंगळागौरीपासून मुंजीपर्यंत सर्व कांहीं टिपलें जातें आणि क्षणांत दूरदूर पाठविलें जातें. मग उत्सवाची गरज काय? भेद असा आहे. पाठविलेलें चित्र जो तो एकटा, जेवतां जेवतां, बोटानें पुढें सारीत पाहतो. आवडलें नाहीं तर तेथेंच टाकून देतो. कोणास उत्तर द्यावें लागत नाहीं. एकत्र बसून पाहिलेलें चित्र तसें पुढें सारतां येत नाहीं. शेजारच्याचा निःश्वास ऐकूं येतो, कोणी उठून गेलें तर तें कळतें, आणि दिवा लागल्यावर बोलावें तरी लागतें किंवा गप्प बसण्याची लाज तरी वाटते. आमच्या माजघरांत त्या रात्रीं जें झालें, तें निरनिराळ्या खोल्यांत निरनिराळ्या मोबाईलवर खचित झालें नसतें.

तेव्हां आमच्या वाचकांस एक सूचना करावीशी वाटते. येत्या सणास आपल्या वाड्यांत किंवा सोसायटींत असा एक छोटा उत्सव करून पाहावा. खर्च जवळजवळ नाहीं. चित्रें मुलांनीं काढावीं. दहा मिनिटांहून मोठीं असूं नयेत. केवळ आपल्याच बिऱ्हाडाचीं नकोत; जिन्यांतून रोज जाणारी दूधवाल्याची फेरी, धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंचा दिवस, रात्रपाळीच्या रखवालदाराची पहांट, ह्यांसही त्यांत स्थान असावें. मात्र ज्याचें चित्र घ्यावयाचें त्याची संमति आधीं घ्यावी, दाखवितांना त्यास पुढच्या रांगेंत बसवावें, आणि तो नको म्हणेल तें बिनतक्रार काढून टाकावें. बक्षिसें ठेवूं नयेत. बक्षीस आलें कीं मुलें शेजाऱ्याकडे पाहावयाचें सोडून परीक्षकाकडे पाहूं लागतात, हा आमचा शाळेंतला जुना अनुभव आहे.

आमच्या घरचें म्हणाल तर यंदाची तयारी आतांच चालू झाली आहे. नातवानें आजीची रीतसर परवानगी मागितली. तिनें ती एका अटीवर दिली: ह्या खेपेस मोबाईल तिच्या हातीं राहील, आणि तिला वाटेल त्याचें चित्र ती काढील. सुनांनीं त्यास एकमुखानें दुजोरा दिला. पहिल्या पंगतीस वाढण्याचें काम आमच्याकडे व धाकट्या बंधूंकडे आलें आहे. वरणाचें भांडें हातीं धरून पंगतीमधून चालणें हें दिसतें तितकें सोपें नाहीं, असें घरांत आम्हांस बजावण्यांत आलें असून, त्याचा सराव आम्हीं गेल्या एकादशीच्या पारण्यापासून आरंभिला आहे.