फवारणाऱ्यांची नोंदवही कुठे आहे?

श्रावण-भादव्यात जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातल्या कुठल्याही शेतरस्त्याला लागलं, की कपाशीच्या ओळींतून पाठीवर पंप घेतलेली माणसं दिसतात. झाकणातून गळणारं औषध सदऱ्यावरून कमरेपर्यंत झिरपलेलं असतं. तोंडाला रुमाल असला तर असतो, हातमोजे क्वचितच. संध्याकाळी एखाद्याला मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून त्याला दवाखान्यात नेलं जातं. सलाइन लागतं, अॅट्रोपिन दिलं जातं. दोन दिवसांनी माणूस घरी येतो आणि केसपेपर रद्दीत जातो. पुढच्या खरिपात तोच माणूस आणि तोच पंप. दहा वर्षांनी त्याच्या नसांचं, स्मरणशक्तीचं काय झालं, हे लिहून ठेवणं कुणाचंच काम नाही.

२०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. चौकशी पथक नेमलं गेलं, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. मेलेल्यांची मोजदाद झाली. वाचलेल्यांचं पुढे काय, हा प्रश्न मात्र बातम्यांबरोबरच मागे पडला.

हा प्रश्न का विचारायचा, हे प्रशांत महासागरातल्या रोंगेलाप बेटाच्या कहाणीतून कळतं. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेनं मार्शल बेटांतल्या बिकिनीवर ‘ब्राव्हो’ हा हायड्रोजन बॉम्ब फोडला. स्फोट १५ मेगाटनांचा झाला, म्हणजे अंदाजाच्या सुमारे अडीचपट. शंभरेक मैलांवरच्या रोंगेलापवर काही तासांनी पांढरी भुकटी पडू लागली. स्फोटानं चूर झालेलं ते किरणोत्सारी प्रवाळ होतं. मुलं त्यात खेळली. ते पाण्यात पडलं, अंगाला चिकटलं, केसांत अडकलं. लोकांना उलट्या सुरू झाल्या, कातडी भाजल्यासारखी झाली. दोन दिवसांनी नौदलानं त्यांना हलवलं.

मग तपासण्या सुरू झाल्या. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेचे डॉक्टर रॉबर्ट कोनार्ड यांच्या पथकाच्या बेटांवर फेऱ्या होऊ लागल्या. रक्त घेतलं जाई, लघवी तपासली जाई, फोटो काढले जात. १९५७ साली बेट राहण्याजोगं असल्याचं सांगून लोकांना परत नेण्यात आलं. त्यांच्या तिथं राहण्यातून माणसाच्या शरीरातल्या किरणोत्साराविषयी मोलाची माहिती मिळेल, असं ब्रुकहेव्हनच्याच अहवालात छापलेलं आहे. १९६३मध्ये, स्फोटानंतर नऊ वर्षांनी, बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात थायरॉइडची गाठ सापडली. त्यानंतर एकेका मुलात तेच दिसू लागलं. स्फोटाच्या वेळी वर्षाचा असलेला लेकोज अंजेन १९७२मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेला. त्याचे वडील बेटाचे दंडाधिकारी होते. अखेर १९८५मध्ये बेटवासीयांनी आपलं गाव पुन्हा सोडलं. त्यांना हलवायला सरकारचं जहाज आलं नव्हतं, आलं ते ग्रीनपीस या संघटनेचं.

बेटवासीयांवर मुद्दाम प्रयोग केल्याचा पुरावा १९९५मध्ये मानवी किरणोत्सार-प्रयोगांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सल्लागार समितीला मिळाला नाही. पण उपचार कुठे संपतात आणि संशोधन कुठे सुरू होतं, हे त्या लोकांना नीट समजावून सांगितलं गेलं नव्हतं, हे तिलाही मान्य करावं लागलं. रोंगेलापच्या या अनुभवाला दोन बाजू आहेत. नऊ वर्षांनी येणारी गाठ एका दिवसाच्या तपासणीत कधीच सापडली नसती, म्हणून दीर्घकाळची नोंद हवीच. आणि ज्याचं रक्त घेतलं त्याच्या हातात निकाल आणि औषध पडत नसेल, तर चाळीस वर्षांच्या नोंदींचाही त्याला उपयोग नाही.

लांब कशाला जायचं? भोपाळच्या वायुकांडानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं ऐंशी हजारांवर लोकांचा पाठपुरावा सुरू केला. तो १९९४मध्ये थांबला आणि त्याचा तांत्रिक अहवाल २००४मध्ये छापून आला. दहा वर्षं जुनी माहिती पीडितांच्या काय कामाची?

कीटकनाशक म्हणजे किरणोत्सार नव्हे, हे मान्यच. मात्रा वेगळी, शरीरात शिरण्याची वाट वेगळी. पण विष थोडं थोडं वर्षानुवर्षं अंगात जाणं आणि त्याचे परिणाम उशिरा दिसणं, हे दोन्हीकडे सारखंच. आणि अशा दीर्घकाळच्या नोंदीचं काम खेड्यात जमत नाही, ही सबब महाराष्ट्राला शोभणारी नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७पासून टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्यानं कर्करोगाची नोंदणी चालू आहे. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या साडेतीनशेच्या आसपास गावांत रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणं समजावून सांगितली, संशयित रुग्णांना बार्शीच्या रुग्णालयात आणलं. तिथं नोंद आणि उपचार यांची ताटातूट झाली नाही.

फवारणीच्या बाबतीत तर कसोटी हाताशी आहे. ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं रक्तातल्या कोलिनेस्टरेज या विकराचं काम रोखतात. ही पातळी माणसागणिक वेगळी असते, म्हणून विषबाधेनंतरच्या एका आकड्यावरून फारसं कळत नाही. हंगामाआधीचा आकडा हातात हवा. कॅलिफोर्नियात १९७४पासून अशी औषधं मिसळणाऱ्या आणि फवारणाऱ्या मजुरांची तपासणी मालकाच्या खर्चानं करावी लागते. पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली, की मजुराला त्या कामावरून दूर करावं लागतं. इथला मजूर मात्र हंगामात दर आठवड्याला वेगळ्या मालकाच्या शेतात असतो. त्यामुळे इथं ही जबाबदारी सरकारनंच उचलायला हवी.

जामनेरला आरोग्य शिबिरांचं अप्रूप नाही. मांडव पडतात, रक्तदाब मोजला जातो, चष्मे वाटले जातात. ते चांगलंच आहे. पण पुढच्या वर्षी तोच मजूर शोधून त्याचं रक्त पुन्हा तपासायला शिबिर येत नाही. त्यासाठी नावानिशी वही लागते, आशा सेविकेला त्या कामाचा वेगळा मोबदला लागतो आणि तालुक्यात कोलिनेस्टरेज तपासण्याची सोय लागते. वहीची एक प्रत मजुराच्या घरी राहायला हवी.

जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८मध्ये सुरू झालं. तिथल्या जनऔषधवैद्यकशास्त्र विभागानं जामनेरच्या पाच कापूस-गावांपासून सुरुवात केली तरी पुरे. आणि गावांनीही नुसती वाट पाहू नये. येत्या मृगाआधीच्या ग्रामसभेत फवारणी करणाऱ्यांची यादी करून ती प्राथमिक आरोग्य केंद्राकडे लेखी द्यावी आणि हंगामाआधी रक्ततपासणीची मागणी करावी. एवढा ठराव करायला मुंबईच्या आदेशाची गरज नाही.