बफर फुगतोय, आणि तुम्ही ईपोल मिरवताय

‘आमचा सर्व्हर नॉन-ब्लॉकिंग आहे’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की मी एकच प्रश्न विचारतो. समोरच्या क्लायंटने वाचणं बंद केलं, तर त्याच्या वाट्याचे बाइट जातात कुठे? बहुतेक वेळा समोर शांतता पसरते. कोड उघडला की उत्तर सापडतं. ते एका रांगेत जातात, रांगेला कमाल लांबी नाही, आणि एक दिवस लिनक्सचा ओओएम किलर येऊन अख्खी प्रोसेस मारतो. एका मंद क्लायंटपायी बाकीचे सगळे धडधाकट क्लायंट रस्त्यावर. अशा सर्व्हरला मी नॉन-ब्लॉकिंग म्हणणार नाही. त्याने वाट पाहण्याचा खर्च थ्रेडवरून काढून मेमरीच्या माथी मारला आहे, एवढंच.

हे अज्ञान असतं तर समजून घेतलं असतं. माझ्या मते हा निव्वळ आळस आहे, कारण यातलं काहीही नवं नाही. सिलेक्ट हा कॉल १९८३ साली ४.२ बीएसडीबरोबर आला. एका मशीनवर दहा हजार कनेक्शन कशी सांभाळायची, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये मांडला. फ्रीबीएसडीवर जोनाथन लेमन यांनी २००० मध्ये केक्यू आणलं, लिनक्समध्ये डेव्हिडे लिबेंझी यांचं ईपोल २००२ मध्ये दाखल झालं आणि इगोर सिसोएव यांनी २००४ मध्ये एन्जिनएक्स सर्वांसाठी खुलं केलं. सिलेक्टला दर खेपेस सगळी यादी नव्याने द्यावी लागते, शिवाय लिनक्सवर १०२४ डिस्क्रिप्टरांची भिंत आहेच. ईपोल ती यादी कर्नलमध्येच ठेवतो आणि ज्यांच्यावर काही घडलं तेवढेच परत देतो. म्हणजे गप्प बसलेली हजारो कनेक्शन धरून ठेवण्याचा प्रश्न सुटून वीस वर्षं झाली. तरी आमच्या प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर आजही तोच कनेक्शनचा आकडा असतो. गप्प बसलेलं कनेक्शन कुणीही सांभाळेल. कस लागतो तो अर्धवट वाचणाऱ्याशी गाठ पडल्यावर.

नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर लिहिताना कर्नल तुमचे सगळे बाइट घेईलच असं नाही. तुम्ही ६४ किलोबाइट दिले, त्याने २० घेतले, पुढच्या खेपेला ‘ईअगेन’ म्हणून परत पाठवलं. उरलेले बाइट सांभाळणं ही तुमची जबाबदारी. ते जपून ठेवायचे, सॉकेट लिहिण्याजोगं झालं की कळव अशी ईपोलकडे नोंद करायची, आणि बाइट गेले की ती नोंद आठवणीने काढायची. नाही काढली तर लेव्हल-ट्रिगर्ड ईपोल प्रत्येक फेरीत तुम्हाला उठवत राहतो, कारण ज्याच्या बफरमध्ये जागा आहे ते सॉकेट सदैव लिहिण्याजोगंच असतं. काम शून्य आणि एक कोर शंभर टक्के व्यग्र. इथपर्यंतची वाट बरेच जण चालतात आणि तिथेच बस्तान मांडतात.

खरं काम त्यापुढे सुरू होतं. साठलेल्या बाइटांवर दोन रेषा आखा. वरची ओलांडली की ज्या सॉकेटवरून हा डेटा येतोय त्यावरचं वाचन थांबवा; साठा खालच्या रेषेखाली उतरला की पुन्हा सुरू करा. तुम्ही वाचणं थांबवलंत की तुमच्या बाजूचा कर्नल बफर भरतो, टीसीपीची विंडो शून्यावर येते आणि पाठवणारा मुकाट्याने थांबतो. लगाम टीसीपीत पहिल्यापासून आहे. मधे अमर्याद रांग घालून तो तोडतो आपण. नोडमध्ये तर राइट स्वतःहून फॉल्स परत करतो, ‘आता थांब, ड्रेन होईपर्यंत लिहू नकोस’ असं सांगतो. ते उत्तर न बघणारा कोड मी रोज वाचतो आणि दर वेळी संतापतो.

जिथे उगमच थांबवता येत नाही तिथे निर्णय अधिक कठोर हवा. शेअरचे भाव पाठवणारा एक सर्व्हर मी जवळून पाहिला आहे. बाजार तापला की तो कोसळायचा. लोकलमधल्या प्रवाशाचा फोन नेटवर्क गमावायचा, आणि सर्व्हर त्याच्यासाठी प्रत्येक जुना भाव इमानेइतबारे साठवत बसायचा. टीमने रॅम वाढवली. सर्व्हर थोडा उशिरा कोसळू लागला. अरे, दहा मिनिटांपूर्वीचा भाव त्या माणसाला हवाय कशाला? प्रत्येक शेअरचा फक्त ताजा भाव ठेवा, जुन्यावर नवा लिहा, साठा आपोआप मर्यादेत राहतो. आणि जिथे तेही जमत नाही तिथे कनेक्शन तोडा. रेडिस हेच करतं: पब-सब क्लायंटचा साठा ३२ मेगाबाइटांवर गेला, किंवा सलग ६० सेकंद ८ मेगाबाइटांच्या वर राहिला, तर मूळ सेटिंगनुसार ते त्याला सरळ बाहेर काढतं. मला हा उद्धटपणा वाटत नाही. बाकीच्या क्लायंटांशी राखलेला हा प्रामाणिकपणा आहे.

वाचण्याच्या बाजूलाही हयगय आहेच. एज-ट्रिगर्ड ईपोल वापरायचं तर ईअगेन येईपर्यंत वाचावं लागतं, हे सगळे पाठ म्हणतात. पण एखादा क्लायंट अखंड ओततच राहिला तर बाकीचे उपाशी मरतात, म्हणून प्रत्येकाला फेरीमागे ठरावीक बाइटांचा वाटा देऊन उरलेलं काम स्वतःच्या यादीत ठेवावं लागतं, हे कुणी करत नाही. लिसनिंग सॉकेटही नॉन-ब्लॉकिंग हवं, कारण सूचना मिळाल्यावर आणि ॲक्सेप्ट करण्याआधी क्लायंट निघून जाऊ शकतो; हा सापळा रिचर्ड स्टीव्हन्स यांनी नव्वदच्या दशकातच लिहून ठेवला आहे. डिस्क्रिप्टर संपले की ॲक्सेप्ट फसतो, पण रांगेतलं कनेक्शन तिथेच राहतं आणि इव्हेंट लूप गरगर फिरतो. आणि लूपच्या पोटात नाव शोधणारा गेटॲड्रइन्फो बोलावणाऱ्यांना काय म्हणावं? डीएनएस सर्व्हर गप्प राहिला की अख्खा लूप ठप्प.

यावर हल्ली एक ठरलेलं उत्तर मिळतं: आपण आयओ-यूरिंगवर जाऊ. येन्स ॲक्सबो यांनी २०१९ मध्ये लिनक्स ५.१ मध्ये आणलेलं ते काम उत्तम आहे, सिस्टिम कॉलचा खर्च ते खरोखर कमी करतं. पण तुमच्या अमर्याद रांगेला मर्यादा ते घालणार नाही. ती ओळ तुम्हालाच लिहावी लागेल.

म्हणून पुढचं रिलीज काढण्याआधी एवढं करा. कनेक्ट होणारा, मोठी मागणी पाठवत राहणारा आणि एकही बाइट न वाचणारा एक क्लायंट लिहा. असे शंभर क्लायंट सर्व्हरला रात्रभर जोडून ठेवा आणि सकाळी मेमरीचा आलेख बघा. रेषा चढतच गेली असेल तर ते रिलीज थांबवा.