ओकलीतली ग्रीक आजी

मागील वर्षी आम्ही भाच्याकडे ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेलो होतो. एका शनिवारी त्याने आम्हांस ओकली या उपनगरात नेले. तेथील ईटन मॉल या गल्लीत गाड्यांना बंदी. बाहेर मांडलेल्या टेबलांवर ग्रीक म्हातारे कॉफी पीत गप्पा मारीत होते. आम्ही पालक व चीज भरलेली स्पानाकोपिता खाल्ली. मग लुकुमादेस घेतले. हे आपल्या गुलगुल्यांचेच भाऊ. तळून वर मध आणि दालचिनी!

ही माणसे येथे आली कशी? महायुद्ध आणि पाठोपाठच्या यादवीने ग्रीस उद्ध्वस्त झाला होता. १९५२ साली ऑस्ट्रेलियाशी स्थलांतराचा करार झाला. हजारो ग्रीक बोटीने आले, कारखान्यांत राबले. पण भाषा सोडली नाही. १९५७ साली ‘नेओस कोस्मोस’, म्हणजे ‘नवे जग’, हे वृत्तपत्र निघाले. ते आजही चालू आहे. मुलांसाठी शनिवारच्या ग्रीक शाळा चालविल्या.

शेजारच्या टेबलावर एक आजी नातवाशी ग्रीक बोलत होती. तो इंग्रजीत उत्तर देई. ती पुन्हा ग्रीकमध्येच विचारी. आमच्या भाच्याची मुलगी मात्र मराठी ऐकले की बापाच्या तोंडाकडे पाही, आणि आम्हीही तिच्याशी मोडके इंग्रजीच बोलत होतो. चूक त्या पोरीची नव्हती.

त्या रात्रीपासून आम्ही तिला रोज एक मराठी गोष्ट सांगू लागलो. आता दर रविवारी तिचा फोन येतो, ‘‘आजोबा, गोष्ट?’’