विश्लेषण : घरात पहिला ससा आणायचा कुठून? बाजार, शेत, फार्म की ओळखीचे घर?

वार्षिक परीक्षा संपली की अनेक घरांत मुलांचा एकच हट्ट सुरू होतो, ससा हवा. कुत्रा नको, कारण आजीला भीती वाटते. मांजर नको, कारण ते दुधावर टपलेले असते. ससा त्या मानाने गरीब, मुका, जागेवर बसून राहणारा आणि काही शे रुपयांत मिळणारा. मग परवानगी मिळते आणि एप्रिल-मेच्या भर उन्हात खोक्यात बसून एक पांढरे पिल्लू घरी येते. वणीसारख्या गावात या खरेदीतला महिना चुकलेला असतो, पिल्लाचे वय चुकलेले असते आणि खोक्यासोबत आणलेली गाजरेही चुकलेली असतात. पण यातल्या बहुतेक चुका ससा कुठून आणला यातून सुरू होतात. तो प्रश्न मात्र खरेदीच्या दिवशी कुणी विचारत नाही.

बाजारातल्या पिल्लात अडचण काय?

पहिली अडचण वयाची. पिल्लू जितके लहान तितके गोंडस आणि तितके लवकर विकले जाणारे. त्यामुळे तीन-चार आठवड्यांची, तळहातावर मावणारी पिल्ले विक्रीला येतात. या वयात त्यांचे पोट आईच्या दुधावरून चाऱ्यावर येत असते. सशाचे पचन आतड्यातील जिवाणूंवर चालते आणि ती घडी बसायला वेळ लागतो. मध्येच आई तुटली, चारा बदलला, प्रवास घडला की हगवण लागते आणि दोन दिवसांत पिल्लू जाते. घरच्यांना वाटते, नजर लागली किंवा मुलांनी जास्त हाताळले. प्रत्यक्षात ते पिल्लू आणखी महिनाभर आईजवळ असायला हवे होते. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू घरी आणूच नये.

दुसरी अडचण नर-मादीची. लहान पिल्लांत ती ओळखणे सरावाच्या माणसालाही चकवते. ‘दोन्ही माद्या आहेत’ असे सांगून दिलेल्या जोडीतला एक नर निघाला तर पाचव्या-सहाव्या महिन्यात घरात पिल्लावळ होते. सशाचा गर्भकाळ अवघा ३० ते ३२ दिवसांचा, एका वेतात सहा-आठ पिल्ले सहज होतात आणि व्यायल्यानंतर एक-दोन दिवसांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. एका सशासाठी ठेवलेला पिंजरा वर्षभरात किती जणांना पुरेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

दुकानांसाठी काही नियम आहेत का?

आहेत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राने २०१८ मध्ये पेट शॉपसाठी नियम केले. त्यातल्या पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत कुत्र्या-मांजराबरोबर सशाचे नाव आहे. दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आलेल्या-गेलेल्या प्राण्यांची नोंद ठेवायला हवी. म्हणजे ग्राहकाने नोंदणीचे प्रमाणपत्र मागितले तर तो आगाऊपणा ठरत नाही. मोबाइल घेताना पक्के बिल मागणारे लोक जिवंत प्राणी घेताना मात्र संकोचतात. सायकलवर किंवा हातगाडीवर पिंजरा बांधून आलेल्या विक्रेत्याकडे असा कागद मिळण्याची शक्यता नसल्यासारखीच. उद्या पिल्लू आजारी पडले तर तो विक्रेता पुढच्या गावी गेलेला असतो.

शेतात सापडलेले पिल्लू आणले तर?

वणी तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. सोयाबीनची सोंगणी, तुरीची कापणी, गव्हावर चालणारे हार्वेस्टर यांच्या गडबडीत बांधाच्या गवतात एखादे पिल्लू दिसते. आई आसपास नसते. कुणीतरी ते दुपट्ट्यात गुंडाळून लेकरांसाठी घरी आणते. हेतू चांगला असतो, पण सगळा घोळ एका शब्दाने केलेला असतो. मराठीत शेतातलाही ससा आणि पिंजऱ्यातलाही ससाच. प्राणी मात्र वेगळे आहेत.

शेतातला भारतीय ससा लांब कानांचा, लांब तंगड्यांचा, तपकिरी आणि मानेवर काळसर पट्टा असलेला. तो बिळात राहत नाही, गवतात नुसती बसकण करतो. घरात पाळला जाणारा ससा मूळ युरोपातला, बिळे खणणारा, कळपाने राहणारा. दोघांची प्रजातीच नव्हे तर कुळातली शाखाही वेगळी. एकात ४८ गुणसूत्रे, दुसऱ्यात ४४. त्यांचा संकर होत नाही. ओळखायची सोपी खूण पिल्लात सापडते. पाळीव सशाची पिल्ले उघडी-नागडी, मिटल्या डोळ्यांची जन्मतात. रानसशाचे पिल्लू अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच येते. म्हणूनच आई त्याला दिवसभर एकटे सोडते. ती अंधार पडल्यावर दूध पाजायला येते आणि लगेच निघून जाते, कारण ती जवळ राहिली तर तिच्या वासाने कोल्हा किंवा रानमांजर पिल्लापर्यंत पोहोचेल. एकटे दिसणारे पिल्लू बहुतेक वेळा अनाथ नसते.

ते घरी आणले तर दोन गोष्टी होतात. रानससा पिंजऱ्याला कधीच सरावत नाही. भीतीने धडका घेतो, खाणे सोडतो आणि बहुधा मरतो. दुसरे म्हणजे तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पकडणे आणि घरात ठेवणे गुन्हा आहे. पिल्लू दिसले तर यंत्र चालणार नाही अशा जवळच्याच गवतात त्याला सरकवावे आणि माणसांनी, कुत्र्यांनी तिथून लांब राहावे. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

उलटा प्रकारही तितकाच चुकीचा. कंटाळा आला म्हणून पाळीव ससा जंगलाकडे ‘मोकळा’ सोडणारे लोक आहेत. पांढरा ससा विदर्भातल्या रानात दोन रात्री काढणे कठीण. आणि जिथे तग धरतो तिथे काय होते, हे ऑस्ट्रेलियाने पाहिले आहे. १८५९ मध्ये शिकारीच्या हौसेखातर तिथे सोडलेल्या दोन डझन सशांची पुढे देशव्यापी आपत्ती झाली. आजही त्या देशातल्या क्वीन्सलँड राज्यात घरी ससा पाळायला बंदी आहे.

फार्मवरून आणणे बरे का?

बाजारापेक्षा नक्की बरे. तिथे आई दिसते, जन्मतारीख कळते, नर-मादी सांगणारा माणूस रोज तेच काम करत असतो. मात्र महाराष्ट्रातले ससेपालन मुख्यतः मांसासाठी उभे राहिलेले आहे. ‘न्यूझीलंड व्हाइट’, ‘सोव्हिएत चिंचिला’, ‘ग्रे जायंट’ या जाती झपाट्याने वजन धरणाऱ्या. पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या ज्या पिल्लाला पाहून मुले हरखतात ते बहुधा न्यूझीलंड व्हाइट असते आणि पूर्ण वाढल्यावर चार-पाच किलोंचे होते. ‘एवढाच राहतो’ हे आश्वासन तिथे ऐकून सोडून द्यावे. शिवाय लोखंडी जाळीवर वाढलेल्या, माणसाचा हात फक्त उचलण्यापुरता माहीत असलेल्या सशाला घरात रुळायला महिने लागतात. संयम असेल त्या घराने फार्मवरचा ससा आणायला हरकत नाही.

मोबाइलवर मागवला तर?

नको. फोटो कुणाचा, पिल्लू कुठले, आगाऊ पैसे कुणाच्या खात्यावर गेले, यातले काहीच कळत नाही. आणि पिल्लू खरेच आले तरी ते खासगी बसच्या डिकीत, खोक्यात, रात्रभर प्रवास करून येते.

मग पहिला ससा कुणाकडून घ्यावा?

ज्या घराला तो आता सांभाळता येत नाही, अशा घराकडून. वर्षा-दोन वर्षांचा, वाढलेला ससा. मुलांना हे उत्तर आवडणार नाही, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर पिल्लू असते. पण पहिल्यांदा ससा पाळणाऱ्या घरासाठी याहून भरवशाचे ठिकाण नाही.

मोठ्या सशाबाबत अंदाज बांधावा लागत नाही. तो केवढा होणार, नर की मादी, चावतो का, वायर कुरतडतो का, कोपऱ्यात ठेवलेल्या ट्रेमध्ये लघवी करतो का, ही सारी उत्तरे समोर असतात. ससा नीट राखला तर आठ-दहा वर्षे जगतो. त्यातली दोन वर्षे गेली म्हणून काही बिघडत नाही.

वणीसाठी आणखी एक कारण आहे आणि ते सर्वांत मोठे आहे. या ससोबाने इथला एक उन्हाळा काढलेला असतो. सशाला १५ ते २० अंश तापमान मानवते. तिशीच्या पुढे त्याला त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. वणी-चंद्रपूर पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. टिनाच्या छपराखाली, गच्चीवर, बंद गॅलरीत ठेवलेला ससा अशा दुपारी काही तासांत दगावू शकतो. ज्या घरात तो जगला तिथल्या माणसांनी काहीतरी नीट केलेले असते. कूलरच्या खोलीत फरशीवर जागा दिली असेल, ओले गोणपाट टांगले असेल, वीज गेल्यावर बर्फाची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवली असेल. ते काय केले हे विचारून घेता येते. दुकानदाराकडे या प्रश्नाचे उत्तर नसते.

अशी घरे शोधणे वाटते तितके अवघड नाही. कोळसा खाणींमुळे वणी परिसरात बदलीवर येणारी-जाणारी कुटुंबे आहेत आणि बदलीच्या ट्रकमध्ये सशाला जागा मिळेलच असे नाही. कुणाचा मुलगा बारावीनंतर नागपूर-पुण्याला गेलेला असतो. कुणाच्या जोडीची पिल्लावळ आवरेनाशी झालेली असते. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, कॉलनीत, पशुवैद्यकाच्या दवाखान्यात सांगून ठेवले तर महिन्या-दोन महिन्यांत निरोप येतो. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा काळ ससा घरी आणायला उत्तम. म्हणजे पुढचा उन्हाळा येईपर्यंत त्याला घर आणि घराला तो कळलेला असतो.

‘दुसऱ्याने टाकलेला प्राणी कशाला?’ हा आक्षेप येईल. तो अगदीच पोकळ नाही. काही ससे वाईट हाताळणीमुळे चावरे झालेले असतात. पण ते एका भेटीत कळते. पिल्लाबाबत तेच कळायला सहा महिने लागतात.

आणण्याआधी वणीत काय पाहून ठेवावे?

डॉक्टर. तालुक्याचे जनावरांचे दवाखाने गाई-बैल, म्हशी, शेळ्यांसाठी उभे आहेत आणि त्यांच्यावर तोच भार आहे. सशावर कोण उपचार करील, हे आधीच विचारावे. कारण कुत्र्या-शेळ्यांना चालणारी औषधे सशाला चालतीलच असे नाही. तोंडाने दिलेले अमॉक्सिसिलिन सशाच्या आतड्याची घडी मोडून जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांवरचे फिप्रोनिलही त्याला घातक आहे. सशाने दहा-बारा तास तोंडात काही घेतले नाही, लेंड्या बंद झाल्या, तर ती तातडीची वेळ असते. नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे रुग्णालय शंभर किलोमीटरहून लांब आहे. तिथे रात्री निघायची कुणाची तयारी आहे, हे घरात आधी ठरलेले बरे.

आणि चारा. सशाचे मुख्य अन्न सुके गवत, गाजर नव्हे. गाजर म्हणजे त्याची मिठाई. हराळी आणि मारवेल चांगले. लसूणघास वाढत्या पिल्लाला चालतो, मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त असते. कुसळाचे गवत टाळावे. पण गवत कोणते, यापेक्षा कुठले हा प्रश्न इथे महत्त्वाचा. कोळशाच्या ट्रकच्या रस्त्याकडेचे गवत काळ्या धुळीने माखलेले असते. खरिपात कपाशीच्या बांधावरचे गवत त्याहून वाईट. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्या-शेतमजुरांचे जीव गेले होते. दीड-दोन किलोच्या प्राण्याला त्या बांधावरची एक पेंढी पुरेशी आहे.

ससा पाहायला गेल्यावर काय बघावे?

संध्याकाळी जावे. दुपारी प्रत्येक ससा सुस्त दिसतो, आजारी आणि निरोगी यांतला फरक कळत नाही. कानाच्या आत खपली असेल तर किडे झालेले असतात. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटलेले असतील तर ससा वाहते नाक पायाने पुसत असतो, नाक कोरडे दिसले तरी. वरचे पुढचे दात खालच्या दातांवर नीट बसलेले हवेत. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि जुळत नसतील तर दर काही आठवड्यांनी कापावे लागतात. शेपटीखालची जागा कोरडी, लेंड्या गोल आणि सुट्या असाव्यात. त्याला कानाला धरून कुणी उचलून दाखवत असेल तर त्या घरचा ससा तेवढ्यापुरता नाकारू नये, उलट जरा लवकर सोडवावा.

ठरले तर त्याच घरचे आठवडाभराचे खाणे सोबत मागून घ्यावे आणि नवा चारा त्यात थोडा थोडा मिसळत जावे. पिंजऱ्यातले जुने, न धुतलेले फडके आणावे. त्याच्या वासाने नवी जागा लवकर आपली वाटते. पहिले तीन दिवस मुलांनी त्याला उचलू नये, शेजारी फरशीवर बसावे. तो स्वतःहून येऊन पायाचा वास घेतो.