तुळई रंगवण्याआधी तुळई बघा

अजिंठ्याच्या १६व्या लेण्यात शिरणाऱ्यांची नजर सहसा भिंतींवरच्या चित्रांकडे जाते. दालनातल्या पुढच्या सोप्याचं छत बघायचं राहूनच जातं. तिथे कारागिरांनी अखंड कातळातून तुळया आणि वासे कोरले आहेत, आणि तुळयांची टोकं गुबगुबीत, बुटक्या गणांनी तोलून धरली आहेत. डोंगराच्या पोटातल्या या दालनाला तुळयांच्या आधाराची काहीच गरज नव्हती. तरीही लाकडी छपराची बांधणी पुरती जाणणाऱ्या हातांनी ती दगडात उतरवली. हे लेणं करवून घेणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. हरिषेणाच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजेच आजचं वाशीम.

त्याच वाशीम जिल्ह्यातल्या मुलांनी शाळेच्या प्रदर्शनासाठी वाड्याची पुठ्ठ्याची प्रतिकृती करताना लाकडाचा छापील कागद चिकटवून मोकळं व्हावं, हे पटत नाही. लाकूड रंगवायला शिकवलं पाहिजे.

छापील कागद फसतो तो मापात. १:५० प्रमाणात तीन मीटरचा खांब सहा सेंटीमीटरचा होतो. त्यावरची एक मिलिमीटरची रेघ प्रत्यक्षात पाच सेंटीमीटर जाडीची ठरते. असं सागवान कुठल्याच जंगलात नाही. शिवाय तुळईच्या कापलेल्या टोकावर वाढीच्या कड्यांचे कमानदार तुकडे दिसतात, लांबीवर मात्र रेषा धावतात. फळी ओंडक्यातून कशी चिरली यावर त्या रेषा सरळ येतात की डोंगराच्या शिखरासारख्या निमुळत्या होत जातात, हे ठरतं. कागद टोकालाही तेच लांबट पट्टे गुंडाळतो आणि प्रतिकृती खोटी वाटू लागते.

हाताने रंगवण्याची रीत अवघड नाही. आधी पांढऱ्यात यलो ऑकर मिसळून अ‍ॅक्रेलिकचा फिकट थर द्यायचा; पुठ्ठा तेल शोषत नाही तोही या थरामुळेच. तो पूर्ण वाळला की बर्न्ट अंबरचा तैलरंग अगदी थोडा लावायचा आणि राठ केसांचा चपटा, कोरडा ब्रश फळीच्या लांबीच्या दिशेने एका दमात ओढायचा. रेषा काढाव्या लागत नाहीत, ब्रशचे केसच त्या सोडून जातात. हात किंचित हलला तर रेषाही वळते, आणि गाठीजवळ तेच हवं असतं. तैलरंग तासन्‌तास ओला राहत असल्याने बिघडलेली फळी पुसून पुन्हा करता येते. शेजारच्या फळीला बर्न्ट सिएनाची थोडी झाक दिली की दोन्ही वेगवेगळ्या ओंडक्यांतल्या वाटतात. पहिल्या महायुद्धातल्या अल्बाट्रॉस विमानांच्या प्रतिकृतींची प्लायवूडची धडं जगभरचे छांदिष्ट आजही साधारण याच पद्धतीने रंगवतात.

पण ब्रश ओढण्याआधी खरं लाकूड बघावं लागतं, आणि ते बघायला याच जिल्ह्यातल्या कारंज्यासारखी जागा नाही. तिथल्या काष्ठासंघ जैन मंदिराचं लाकडी कोरीवकाम प्रसिद्ध आहे. गावोगावच्या जुन्या वाड्यांचे खांबही तेवढेच शिकवतात: वळचणीखाली तपकिरी राहिलेलं सागवान उन्हापावसाच्या बाजूला राखाडी पडलेलं असतं. हा फरक कुठल्याही कागदावर छापून मिळत नाही. वाडे पाडून सिमेंटची घरं उभी राहत असताना मापाने केलेली, खऱ्या रंगाची प्रतिकृती हीच पुढे त्या वाड्याची नोंद ठरू शकते.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांसाठी मुलं वस्तुचित्र, स्थिरचित्र शिकतातच. चित्रकलेच्या शिक्षकांनी त्यातले एक-दोन तास वर्गाबाहेर, एखाद्या वाड्याच्या ओसरीवर घ्यावेत. मुख्याध्यापकांनी त्याला परवानगी द्यावी आणि प्रदर्शनाच्या परीक्षकांनी छापील कागदापेक्षा हाताने रंगवलेल्या फळीला जास्त गुण द्यावेत. सुरुवातीला चार रंगांच्या ट्यूब, एक चपटा ब्रश आणि मोजपट्टी एवढं सामान पुरतं, आणि मोजमाप घ्यायला घरमालकाची संमती.