दहा वर्षांचा व्हिसा, सहा महिन्यांचा मुक्काम: आई-बाबांच्या अमेरिका वारीचे दिवस मोजतंय कोण?

खडकी बाजाराच्या मागच्या गल्लीतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. बाबा ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेले, ताई लग्नानंतर न्यू जर्सीत, धाकटा इथेच कॉलेजला. ताईला बाळ झालं तेव्हा आई-बाबा पहिल्यांदा अमेरिकेला गेले आणि सहा महिने राहून आले. पुढच्या वर्षी परत गेले, साडेपाच महिने. आता ताईचा व्हिडिओ कॉल आलाय, "बाळाची शाळा सुरू होतेय, या ना परत." बाबांचं उत्तर तयार असतं, "अगं येतो की, व्हिसा २०३२ पर्यंत आहे." आणि मग सगळे वळून धाकट्याकडे बघतात. कारण फॉर्म, फी, तिकीट, वेब चेक-इन सगळं त्याच्याच फोनवरून होतं.

अशी घरं फक्त खडकीत नाहीत. औंधला आहेत, कोथरूडला आहेत, डोंबिवलीला आणि नाशिकलाही आहेत. तुमच्या घरी तो धाकटा तुम्ही असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. बाबांचं वरचं वाक्य खरं आहे, पण अर्धंच.

व्हिसा वेगळा, मुक्काम वेगळा

भारतीयांना अमेरिकेचा बी१/बी२ व्हिसा साधारणपणे दहा वर्षांचा आणि कितीही वेळा प्रवेश देणारा मिळतो. या दहा वर्षांचा अर्थ एवढाच की या काळात तुम्ही अमेरिकेच्या दारावर जाऊन बेल वाजवू शकता. दार उघडायचं की नाही, आणि आत किती दिवस बसू द्यायचं, हे विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. तो जी तारीख देतो तिची नोंद म्हणजे आय-९४. पर्यटकाला बहुतेक वेळा सहा महिने मिळतात. पासपोर्ट त्याआधीच संपत असेल तर तारीख आणखी अलीकडची मिळू शकते.

पूर्वी आय-९४ हा कागद होता. पांढरं कार्ड पासपोर्टला स्टेपल करून द्यायचे, आई ते पाकिटात जपून ठेवायची. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांसाठी ते ऑनलाइन झालं. काही विमानतळांवर आता पासपोर्टवर शिक्काही मारत नाहीत. म्हणजे आई-बाबांच्या हातात असं काहीच उरत नाही ज्यावर "या तारखेपर्यंत निघा" असं लिहिलंय. ते फक्त सीबीपीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सीमा खात्याच्या, वेबसाइटवर दिसतं. तिथे नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर टाकून ते उघडावं लागतं.

इथे मराठी घरांमध्ये हमखास एक गोंधळ होतो. आपल्याकडे पासपोर्टवर कधी आडनावाचा रकानाच रिकामा असतो, पूर्ण नाव एकाच ओळीत असतं. अमेरिकन सिस्टिमला दोन्ही रकाने भरलेले लागतात, म्हणून अशा व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं. धाकटा वेबसाइटवर आईचं नेहमीचं नाव टाकतो आणि रेकॉर्ड सापडत नाही. घाबरायचं नाही. व्हिसाच्या स्टिकरवर नाव जसं छापलंय, अगदी तसंच टाकायचं.

आई-बाबा तिथे उतरल्यावर आठवडाभरात आय-९४ उघडा, पीडीएफ फॅमिली ग्रुपवर टाका आणि परतीचं तिकीट त्या तारखेच्या निदान दोन आठवडे आधीचं ठेवा. बर्फ पडून फ्लाइट रद्द होऊ शकते, बाबांचा गुडघा दुखावू शकतो. एक दिवस जरी जास्त राहिलं तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्दबातल धरला जातो. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून मग बाहेर पडलं तर तीन वर्षांची प्रवेशबंदी, आणि एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलं तर दहा वर्षांची. खरंच काही कारणाने थांबावं लागलं तर मुदतवाढीचा आय-५३९ नावाचा फॉर्म आहे. तो ऑनलाइनही भरता येतो, पण तारीख संपायच्या आत.

आणि हो, "नायगाऱ्याला जाऊ, पलीकडे कॅनडात एक रात्र काढू, परत आलो की नवे सहा महिने" हा सल्ला सोसायटीतल्या कुठल्या ना कुठल्या काकांकडून मिळतोच. ३० दिवसांच्या आतली कॅनडा किंवा मेक्सिकोची चक्कर साधारणपणे घड्याळ शून्यावर आणत नाही. जुनीच आय-९४ पुढे चालू राहते.

मग वर्षातून दोनदा जाता येतं का?

खरा प्रश्न हा आहे, आणि याचं सरळ उत्तर कायद्यात सापडत नाही. युरोपात शेंगेन देशांचा नियम स्वच्छ आहे: मागच्या कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. अमेरिकेत पर्यटकासाठी असा आकडा नाही. "सहा महिने तिथे, मग सहा महिने इथे" हा लोकांनी अनुभवातून बनवलेला हिशोब आहे, लेखी नियम नाही. नियम आहे तो हेतूचा: तुम्ही पाहुणे आहात की तिथे राहायलाच लागलात? सलग तीन वर्षं, दरवर्षी सहा महिने कोणी येत असेल तर अधिकाऱ्याला तो प्रश्न पडणार.

आतापर्यंत हा प्रश्न अधिकाऱ्याच्या नजरेवर होता. पासपोर्टची पानं उलटायची, पुसट शिक्के वाचायचे, मनात बेरीज करायची. गर्दी असेल तर कोण एवढं करतंय? आता प्रत्येक येण्या-जाण्याची यादी त्याच्या स्क्रीनवर आधीच असते. बाहेर पडल्याची नोंद विमान कंपनीने पाठवलेल्या प्रवासी यादीवरून होते. २६ डिसेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने तर अमेरिकेत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या परदेशी नागरिकांचे फोटो घेऊन चेहरा जुळवायचा अधिकार सीबीपीला सरसकट मिळालाय. युरोपने १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस नावाची यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू केली. तिथे बोटांचे ठसे आणि चेहरा घेतात, आणि ९० दिवसांची मोजणी कॉम्प्युटर करतो.

माझं मत विचाराल तर मशीनने दिवस मोजणं वाईट नाही. उलट प्रामाणिक माणसाला ते बरं आहे, कारण "शिक्का दिसत नाही" म्हणून होणारी अडवणूक कमी होते. त्रास वेगळीकडे आहे. मोजणी पक्की झाली, पण त्या आकड्याचा अर्थ अजूनही माणूसच लावतो, आणि तो काय अर्थ लावेल हे आई-बाबांना आधी कळायला मार्ग नाही. मागच्या १८ महिन्यांपैकी साडेअकरा महिने अमेरिकेत, ही ओळ एका अधिकाऱ्याला प्रेमळ आजी-आजोबा वाटेल, दुसऱ्याला फुकटची आया.

हे दुसरं वाचन बोचतं, पण त्यात तथ्य नाही असं म्हणता येत नाही. अमेरिकेत पाळणाघराचा खर्च प्रचंड आहे, आणि आपल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांची वारी डे-केअरच्या हिशोबानेच ठरते. मार्च ते ऑगस्ट मुलीचे आई-बाबा, सप्टेंबरपासून जावयाचे. नातवाला भेटायला, त्याच्याशी खेळायला जाणं पूर्णपणे पर्यटक व्हिसात बसतं. पण इमिग्रेशनच्या खिडकीवर आईने भाबडेपणाने "मुलगी कामावर जाते ना, मग बाळाला मीच सांभाळते" म्हटलं की समोरचा ते काम म्हणून ऐकू शकतो.

यावर यूट्यूबवर उपाय सांगणारे पुष्कळ आहेत: "असं सांगा, तसं सांगू नका." प्लीज हे आई-बाबांना पाठ करून घेऊ नका. खोटं सांगून व्हिसा किंवा प्रवेश मिळवला असं ठरलं तर अमेरिकेची प्रवेशबंदी कायमची असू शकते, वर्षांचा आकडाच नाही. त्यात सीमेवर फोन तपासायचा अधिकारही अधिकाऱ्यांना आहे. "आई, तू आलीस की डे-केअर बंद करते" हा मेसेज फॅमिली ग्रुपवर पडलेला असतो. डीएस-१६० फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडिया अकाउंटही २०१९ पासून विचारतात. बाबांचं फेसबुक, आईचं इन्स्टा, सगळं. उपाय मेसेज डिलीट करण्यात नाही, बेत बदलण्यात आहे. सहा महिन्यांऐवजी तीन महिने जा. दोन वाऱ्यांमध्ये चांगलं अंतर ठेवा. घर, पेन्शन, मंडळाचा गणपती, बाबांचे फॅक्टरीतले मित्र, म्हणजे इथे परत यायची जी खरी कारणं आहेत ती खरी राहू द्या.

हाच खेळ पुण्यानेही पाहिलाय, दुसऱ्या बाजूने

"अमेरिका फार कडक" म्हणण्याआधी आपलंही बघू. पुण्यात मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगार योग संस्थेत आणि कोरेगाव पार्कच्या ओशो आश्रमात वर्षानुवर्षं परदेशी लोक येतायत. पर्यटक व्हिसावर यायचं, मुदत संपत आली की काठमांडू किंवा कोलंबोला जाऊन परत यायचं, ही अनेकांची पद्धत होती. ऑक्टोबर २००९ मध्ये डेव्हिड हेडलीला शिकागोत अटक झाली. तो अमेरिकन पासपोर्टवर भारतात अनेकदा येऊन गेला होता आणि त्याने पुण्यातही पाहणी केली होती. २००९ संपता संपता भारताने नियम काढला: पर्यटक व्हिसावरच्या दोन भेटींमध्ये निदान दोन महिन्यांचं अंतर हवं.

गंमत म्हणजे हेडली पर्यटक नव्हताच, त्याच्याकडे बिझनेस व्हिसा होता. फटका बसला तो योगाच्या विद्यार्थ्यांना आणि नेपाळ फिरून परत येणाऱ्यांना. तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री शशी थरूर यांनी सरकारात असूनही ट्विटरवर या नियमाबद्दल शंका काढली. २६/११ च्या हल्लेखोरांकडे व्हिसा कुठे होता, असा त्यांचा मुद्दा होता. त्यावरून मोठा वाद झाला. १३ फेब्रुवारी २०१० ला, हा नियम लागू असतानाच, जर्मन बेकरीत स्फोट झाला. डिसेंबर २०१२ मध्ये सरकारने मोजके देश सोडून बाकीच्यांसाठी ही अट काढून टाकली.

आता भारतही दिवस मोजतो. पाच वर्षांचा ई-टुरिस्ट व्हिसा मिळतो, पण बहुतेक देशांच्या नागरिकांना एका भेटीत सलग ९० दिवस आणि एका कॅलेंडर वर्षात एकूण १८० दिवस अशी मर्यादा आहे. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलने २४ तासांत फॉर्म सी ऑनलाइन भरायचा असतो. १ सप्टेंबर २०२५ ला लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन कायद्यात मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पुण्यात योग शिकायला आलेली जर्मन बाई आणि न्यू जर्सीतली खडकीची आजी, दोघींच्या डोक्यावरचं घड्याळ एकाच जातीचं आहे.

पर्याय आहेत, पण देश बदलावा लागतो

काही देशांनी आजी-आजोबांचा प्रश्न प्रश्न म्हणून मान्य केलाय. कॅनडाचा सुपर व्हिसा मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांसाठीच आहे. जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी मुलाचं उत्पन्न आणि मेडिकल इन्शुरन्स दाखवावा लागतो. ऑस्ट्रेलियात २०१९ पासून पालकांसाठी तीन आणि पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे, फी मात्र दणदणीत. ब्रिटन दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा देतं, पण एका भेटीत सहा महिनेच, आणि वारंवार येऊन तिथे घर केल्यासारखं राहू नका असं नियमातच लिहिलंय. अमेरिकेत मधला रस्ताच नाही. एक तर पाहुणे, नाहीतर ग्रीन कार्ड. आणि पालकांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करायला ताई आधी अमेरिकन नागरिक हवी. म्हणूनच एवढी घरं त्या सहा महिन्यांच्या फटीत राहतात.

धाकट्यासाठी चार कामं

आई-बाबांचा इतका लांब मुक्काम असेल तर इथली बाजूही फोनवरच सांभाळायची असते. बँकेचा ओटीपी ज्या सिमवर येतो ते ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर बंद होऊ शकतं, म्हणून थोडा बॅलन्स ठेवा आणि अधूनमधून एखादा एसएमएस करा. बाबांना सरकारी पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो. जाण्या-येण्याच्या तारखा ठरवताना नोव्हेंबर इथे काढता आला तर उत्तम. तिथे असतील तर भारतीय दूतावासातूनही दाखला मिळतो. बाबा आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी इथे राहिले तर इन्कम टॅक्समध्ये त्यांचं निवासी असणं बदलू शकतं, सीएला एकदा विचारून घ्या.

परत आल्यावर बोर्डिंग पास फेकू नका, फोटो काढून ड्राइव्हवर ठेवा. बाहेर पडल्याची नोंद चुकली असेल, तर वेळेत निघालो हे दाखवायला तोच पुरावा असतो. आणि पुढचं तिकीट बघण्याआधी सीबीपीच्या साइटवर 'ट्रॅव्हल हिस्टरी' उघडा, सगळ्या तारखा कागदावर उतरवा आणि बाबांना समोर बसवून त्यांनाच बेरीज करायला सांगा. विमानतळावर अधिकारी विचारेल तेव्हा तुम्ही खडकीत असाल, उत्तर त्यांना द्यायचंय.